ओढ्याचं वाक्य

आमच्या दाजींना विद्यापीठात सगळे भाषणमास्तर म्हणत. तोंडावर 'सर', पाठ वळली की भाषणमास्तर. दाजींना ते ठाऊक होतं आणि त्याचा रागही नव्हता. "निदान मास्तर तरी म्हणतात," ते म्हणायचे. "बाकीच्यांना काय म्हणतात ते ऐकलंस का?"

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. माझा छापखाना विद्यापीठाच्या फाटकासमोरच. निमंत्रणपत्रिका, प्रमाणपत्रं, कापडी फलक, भाषणांच्या पुस्तिका, सगळं काम माझ्याकडे. दाजी लिहायचे आणि मी छापायचो. आमच्या दोघांच्या मधे एक माणूस असायचा, तो फक्त वाचायचा. त्याला कुलगुरू म्हणतात.

दाजी मुळात भाषा विभागात शिकवायला लागले होते. चांगले शिकवत, असं त्यांचे जुने विद्यार्थी अजून सांगतात. मग एकदा कुणी बडे प्राध्यापक वारले आणि तेव्हाच्या कुलगुरूंवर शोकसभेत बोलायची पाळी आली. वारलेल्या माणसाशी त्यांचं कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. काय बोलावं सुचेना. कुणीतरी दाजींचं नाव सुचवलं. दाजींनी बसल्या बैठकीला असं काही लिहून दिलं की वाचता वाचता कुलगुरूंना स्वतःलाच हुंदका आला. सभा संपल्यावर त्या प्राध्यापकांच्या बायकोने विचारलं म्हणे, "एवढा जीव होता, तर घरी कधी फिरकले कसे नाहीत?"

झालं. दाजींचे वर्गावरचे तास हळूहळू सुटत गेले. कुलगुरूंच्या दालनाला लागून त्यांना एक लहानशी खोली मिळाली. थंडगार, गालिचा घातलेली, बाहेर शिपाई. कुलगुरू बदलले, खोली राहिली. दाजींना त्या खोलीत बसून जगाकडे बघायची सवय लागली, आणि तिथून जग त्यांना फारच बावळट दिसायला लागलं.

तुच्छता हा त्यांचा जोडधंदाच झाला. कुलगुरू मठ्ठ, कुलसचिव लोचट, प्राध्यापक भित्रे, विद्यार्थी मेंढरं, पाहुणे फुकटे, आणि टाळ्या वाजवणारे तर सगळ्यांत गाढव. "भाषण म्हणजे काय रे," ते मला सांगायचे, "ढगळ अंगरखा. माप घ्यायचंच नाही. कुणाच्याही अंगात घातला की बसतो, आणि आतला माणूस किती किडमिडा आहे ते दिसत नाही." मी हसायचो. खोटं कशाला बोलू, मलाही ते पटायचं. पुस्तिकांचे गठ्ठे मी नेऊन द्यायचो आणि पुढच्या कार्यक्रमाला गेलो की तेच गठ्ठे, दोरीसुद्धा न सोडलेले, व्यासपीठामागच्या खोलीत खुर्चीचा मोडका पाय टेकवायला लावलेले दिसायचे.

खरी मजा मात्र त्यांच्या घरी, जेवायच्या टेबलावर. दाजी त्या दिवशीचं भाषण कुलगुरूंच्या आवाजात म्हणून दाखवायचे. सध्याच्या कुलगुरूंना प्रत्येक वाक्याच्या शेवटी मान वर करून छताकडे बघायची खोड होती, जणू पुढचं वाक्य पंख्याला टांगलंय. दाजी पाण्याचा पेला माइकसारखा धरून हुबेहूब तसं करायचे. त्यांची मुलगी, आमची ठमी, हसून हसून खुर्चीवरून घसरायची. ठमी हे घरातलं नाव. लहानपणी हट्टाला पेटली की ठाण मांडून बसायची, उचलली तरी पाय ताठ, म्हणून ठमी. बापलेकीचं एकमेकांवाचून पान हलत नसे. ठमीही पुढे कुलगुरू करायला लागली, आणि बापापेक्षा सरस करायला लागली.

माझी बहीण, आमची ताई, कधी हसायची नाही. "पेला खाली ठेवा आणि जेवा," एवढंच म्हणायची. एकदा मात्र म्हणाली, "तुम्ही दोघं इतकं हसता, पण सकाळी उठून परत तेच लिहायला जाता ना?" दाजींनी ते ऐकलं न ऐकलंसं केलं.

ज्या वर्षी ठमीने बारावी होऊन विद्यापीठात प्रवेश घेतला, त्याच वर्षी वर्षारंभाच्या समारंभाचा विषय ठरला 'शाश्वत विकास'. आदल्या वर्षी 'मूल्यशिक्षण' होतं, त्याआधी 'डिजिटल झेप'. विषय कोण ठरवतं ते कुणालाच माहीत नव्हतं. वरून येतो, एवढंच. यंदा त्यावर एक मोठं अनुदानही मिळायचं होतं, आणि ते देणाऱ्या संस्थेच्या बाई प्रमुख पाहुण्या म्हणून यायच्या होत्या.

"शाश्वत!" दाजी माझ्या छापखान्यात खुर्चीवर रेलून म्हणाले. "या विद्यापीठात शाश्वत काय आहे सांग बरं. परीक्षा विभागातला गळका नळ आणि आमचे प्रभारी कुलसचिव. बाकी सगळं नाशवंत."

तयारी जोरात सुरू झाली. मला हुकूम आला की फलक कापडाचेच हवेत, प्लास्टिक चालणार नाही. मी कापडाचे केले. मग कापडाला धूळ बसेल म्हणून प्रत्येक फलक प्लास्टिकमध्ये गुंडाळून मागवला. पाहुण्यांना पुष्पगुच्छाऐवजी कुंडीतलं रोप द्यायचं ठरलं. ती रोपं सभागृहाच्या तळघरात ठेवली गेली, आणि पाणी कुणी घालायचं यावरून बाग विभाग आणि समारंभ समिती यांच्यात जुंपली. भांडण मिटेपर्यंत निम्मी रोपं माना टाकून बसली. ती काढून त्यांच्या जागी कापडी पानांची आणली.

आणि या सगळ्यात तो ओढा.

विद्यापीठाची वसतिगृहं उतारावर होती. उताराच्या पायथ्याशी ओढा, आणि ओढ्याच्या पलीकडे वस्ती. वसतिगृहांचं, भोजनालयाचं, प्रयोगशाळांचं सगळं सांडपाणी एका जाड पाइपातून थेट ओढ्यात पडत असे. कायमचंच. वाऱ्याची दिशा फिरली की माझ्या छापखान्यात नाकाला रुमाल लावून बसावं लागायचं. पलीकडच्या लोकांची तर बातच नको. पाऊस लागला की ओढा फुगून त्यांच्या घरांत शिरायचा, आणि नुसतं पाणी शिरत नसे. त्यांनी कितीदा येऊन सांगितलं होतं. दरवेळी कुलसचिव त्यांना चहा पाजायचे आणि पाठवून द्यायचे.

भाषण लिहून होत आलं तेव्हा दाजी माझ्याकडे आले. खिडकीतून नेमका तो वास येत होता. ते नाक मुरडून म्हणाले, "शेवटी एक ठोस संकल्प पाहिजे म्हणतायत. पाहुण्यांना ठोस आवडतं. काय लिहू?"

"झाडं लावू म्हणा," मी म्हणालो.

"झाडं सगळेच लावतात." ते खिडकीबाहेर बघत राहिले आणि एकदम खुदकन हसले. "थांब. असं लिहितो की ऐकून कुलसचिवांचा घास घशातच अडकेल." त्यांनी तिथेच, माझ्या टेबलावर, पेन काढून लिहिलं: "या शैक्षणिक वर्षाच्या अखेरीस आपल्या विद्यापीठाच्या सांडपाण्याचा एकही थेंब त्या ओढ्यात जाणार नाही, हा माझा शब्द आहे."

"दाजी, हे कुलगुरू वाचतील?"

"वाचतील? छताकडे बघून वाचतील! तो माणूस काय वाचतो ते त्याला कधी कळलंय? मागे मी 'प्रगतीच्या पोटात अधोगतीचं बाळसं' असं लिहिलं होतं. काही अर्थ आहे का त्याला? टाळ्या पडल्या."

मी ते जसंच्या तसं छापलं. आदल्या दिवशी जेवताना दाजी ठमीला म्हणाले, "उद्या शेवटपर्यंत थांब. शेवटी गंमत आहे."

समारंभाला मीही मागच्या दाराशी उभा होतो. पहिल्या वर्षाची सगळी पोरं दाटीवाटीने बसवलेली, पंखे कसेबसे फिरतायत, आणि व्यासपीठावरच्यांसाठी मात्र बाजूने दोन मोठे कूलर. पुढच्या रांगेतले प्राध्यापक पुस्तिकेने वारा घेत होते. तो एक उपयोग मला तोवर सुचला नव्हता. कुलसचिवांनी स्वागत केलं. एका प्राध्यापकाने शाश्वत विकास म्हणजे काय ते पडद्यावर चित्रं दाखवून सांगितलं. शेवटचं चित्र पृथ्वी हातात धरलेल्या बाळाचं होतं, ते मध्येच अडकलं आणि पुढचा अर्धा कार्यक्रम ते बाळ सगळ्यांच्या डोक्यावर तसंच टांगून राहिलं.

मग कुलगुरू उठले. वाक्य वाचायचं, छताकडे बघायचं. दाजी बाजूच्या दाराशी उभे होते. हात मागे बांधलेले, चेहरा सुतकी. मला माहीत होतं, तो चेहरा त्यांचा हसू दाबतानाचा.

आणि ते वाक्य आलं. कुलगुरूंनी ते वाचलं, छताकडे बघितलं, आणि "हा माझा शब्द आहे" वर छातीवर हातही ठेवला. पाहुण्या बाई एकदम ताठ बसल्या आणि त्यांनीच पहिली टाळी वाजवली. सगळं सभागृह दणाणलं. पहिल्या रांगेत जाऊन बसलेल्या कुलसचिवांचा चेहरा पडलेला मला मागून, नुसत्या त्यांच्या मानेवरूनही, ओळखता आला.

मी ठमीला शोधत होतो. ती मधल्या एका रांगेत होती. ती हसत असेल असं मला वाटलं होतं. ती हसत नव्हती.

काय झालं ते तिने मला नंतर सांगितलं. तिच्या शेजारी एक मुलगी बसली होती. तिथेच, रांगेत उभं असताना ओळख झालेली. ओढ्यापलीकडची. घरातली शिकायला आलेली पहिलीच. वाक्य आलं तशी ठमी गंमत वाटून घ्यायला तिच्याकडे वळली, तर त्या मुलीने ठमीचं मनगट गच्च धरलं.

"हे खरं आहे का गं?" तिने विचारलं. "एवढ्या मोठ्या माणसाने सगळ्यांसमोर सांगितलंय म्हणजे करतीलच ना? माझी आई हे ऐकायला इथे हवी होती. पावसात आम्ही खाटेवर खाट चढवून बसतो."

"मामा," ठमी मला म्हणाली, "कार्यक्रम संपेपर्यंत तिने माझं मनगट सोडलं नाही."

त्या दिवशी जेवताना दाजी फुलून गेले होते. पेला हातात, छातीवर हात, "हा माझा शब्द आहे!" ठमी ताटात बघून जेवत होती.

"काय गं, नाही आवडलं?"

"आवडलं," ती म्हणाली. "खूप टाळ्या पडल्या."

ताईने मान वर करून लेकीकडे बघितलं.

पुढचे काही महिने कुलगुरू हवेत होते. वर्तमानपत्रांत फोटो, खाली ते वाक्य. पाहुण्या बाईंनी अनुदान मंजूर केलं. कुलगुरूंना हळूहळू असं वाटायला लागलं की हा संकल्प त्यांच्याच मनात कधीपासून होता. एकदा तर त्यांनी दाजींना समजावून सांगितलं, "विचार खोलवर असला ना, की वाक्य आपोआप येतं." दाजींनी हे आम्हाला रंगवून सांगितलं. हसलो आम्ही दोघंच, ते आणि मी.

वर्ष संपत आलं, पाइप मात्र जिथे होता तिथेच होता. अनुदानातून कुलगुरूंच्या दालनाबाहेर हिरवी भिंत उभी राहिली. म्हणजे भिंतीला टांगलेली रोपं, आणि त्यांना थेंब थेंब पाणी देणारी यंत्रणा. ते पाणी खाली सांडायचं आणि शेवटी जायचं कुठे, तर ओढ्यात.

ठमी आणि तिची ती मैत्रीण गप्प बसल्या नाहीत. त्यांनी वसतिगृहातल्या पोरींना, मग पोरांना गोळा केलं. घोषणा नाहीत, काही नाही. सगळे पुस्तिका घेऊन कुलगुरूंच्या दालनाबाहेर, त्या हिरव्या भिंतीखाली जमिनीवर बसले आणि ते एकच वाक्य आळीपाळीने मोठ्याने वाचायला लागले. एकाचं झालं की दुसरा. बाहेर जाणारायेणारा प्रत्येक जण ते ऐकत होता. दाजींची खोली तिथे लागूनच. आपलंच वाक्य दिवसभर भिंतीपलीकडून ऐकणं म्हणजे काय, ते त्यांना त्या दिवशी कळलं असावं.

कुलगुरूंनी दाजींना आत बोलावलं. "मी असं म्हणालो होतो?"

"हो साहेब."

"मला लिहून कुणी दिलं?"

दाजी म्हणाले, "मीच. पण आपण मान्य केलं होतं." कुलगुरूंनी कधीही काही वाचून मान्य केलेलं नव्हतं, पण तसं कबूल करणं त्यांना परवडणारं नव्हतं. ते छताकडे बघून म्हणाले, "मग आता तुम्हीच निस्तरा."

आणि दाजींनी निस्तरलं. इथे मला त्यांची कीव येत नाही, अजूनही येत नाही. त्यांना नाही म्हणता आलं असतं. फार तर खोली गेली असती. नाही म्हणायचं त्यांच्या मनातही आलं नाही, कारण त्यांच्या लेखी हा त्या बावळट खेळाचाच पुढचा डाव होता. त्यांनी निवेदन लिहिलं. त्यात असं होतं की संकल्प हा कालबद्ध नसतो, मूल्यबद्ध असतो. ओढ्यात जातं ते सांडपाणी नसून निसर्गाकडे परत जाणारं पाणी आहे. आणि 'एकही थेंब' हा शब्दप्रयोग भावार्थाने घ्यायचा आहे. काय लिहिलं होतं! एकाही वाक्याला कुठे पकडता येत नव्हतं. मी ते छापलं आणि कुलसचिवांनी ते दारोदार वाटलं.

रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे जेवायला होतो. ठमी ते निवेदन घेऊन टेबलाशी आली.

"बाबा, 'मूल्यबद्ध' कुणाचा शब्द?"

दाजी हसले. "ओळखलंस तर."

"मूल्यशिक्षणाच्या वर्षी आपण याच टेबलावर बसून काढला होता. मूल्यबद्ध, मूल्यसिद्ध, मूल्यक्रुद्ध. मी तेव्हा पोट धरून हसले होते."

"अगं, मग आताही हस की. त्या ठोंब्याला वाटतंय त्यात काहीतरी अर्थ आहे. मी त्याची चेष्टाच करतोय."

"ती चेष्टा आहे हे कुणाला कळतं?" ठमीचा आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता. "तुम्हाला, मला आणि मामाला. बाहेर ती खरीच चालते. माझ्या मैत्रिणीची आई अक्षर अक्षर लावून हे वाचत बसली होती. मला विचारत होती, परत जाणारं पाणी म्हणजे आमच्या घरात येतं तेच का?"

दाजी भाकरी मोडायला लागले.

"कुलगुरूंना कळत नाही म्हणून ते वाचतात," ठमी म्हणाली. "तुम्हाला सगळं कळतं, तरी तुम्ही लिहिता. आजवर मला वाटायचं तुम्ही त्यांच्यापेक्षा वर आहात."

"ठमे, तोंड सांभाळ," मी म्हणालो. उगाचच, काहीतरी म्हणायचं म्हणून.

"तिला बोलू दे," ताई म्हणाली. दाजींच्या ताटात वाढायला उचललेला डाव तिने परत भांड्यात ठेवला. "मी इतकी वर्षं बोलले नाही, तेवढं तिला बोलू दे."

दाजींनी टेबलावरच्या पेल्याला हात लावला, बहुतेक सवयीने. मग सोडून दिला. ते म्हणाले, "हे न करून काय होणार होतं? दुसऱ्या कुणीतरी लिहिलंच असतं."

"लिहू द्यायचं होतं," ठमी म्हणाली. "वाईट तरी लिहिलं असतं. पकडता आलं असतं."

त्या आठवड्यात ती सामान घेऊन वसतिगृहात राहायला गेली. घर पायी जाण्याच्या अंतरावर, तरी गेली. ताईने तिला पांघरुणं बांधून दिली आणि अडवलं नाही.

त्यानंतर दाजींचं काहीतरी बिनसलं. ते लिहायचे, पण जेवायच्या टेबलावर म्हणून दाखवायला कुणी उरलं नव्हतं. ताईसमोर कुलगुरू करून दाखवणं म्हणजे भिंतीसमोर नाचणं. मी गेलो तर माझ्यासमोर सुरू करायचे आणि अर्ध्यावर सोडायचे. भाषणं सपाट झाली. म्हणजे मला तशी वाटली. कुलगुरूंना, प्राध्यापकांना, टाळ्यांना काही फरक पडला नाही. दाजींना ते फार लागलं. आपण चांगलं लिहिलं काय, वाईट लिहिलं काय, या लोकांना कळतच नाही असं ते जन्मभर सांगत आले होते. ते खरं निघालं तेव्हा मात्र त्यांना सोसेना.

पुढचा वर्षारंभ जवळ आला. कुलसचिवांच्या कार्यालयात एक नवा तरुण कारकून आला होता. त्याने कुलगुरूंना दाखवून दिलं की संगणकाला नुसता विषय सांगितला तर तो चहा येईपर्यंत भाषण लिहून देतो. कुलगुरूंनी दोन्ही भाषणं मागवली, दाजींचं आणि संगणकाचं. वाचून म्हणाले, "सारखीच आहेत." आणि खरंच होती. मी दोन्ही बघितली. दाजींनी इतकी वर्षं जे उपहास म्हणून लिहिलं होतं, ते त्या यंत्राने अगदी सरळ मनाने लिहिलं होतं, आणि शब्दाचा फरक नव्हता.

खोली गेली. तिथे आता संगणक आणि तो कारकून बसतो. दाजींना भाषा विभागात परत पाठवलं, पहिल्या वर्षाच्या वर्गावर. पहिल्या तासाला ते उभे राहिले तेव्हा सवयीप्रमाणे "उपस्थित मान्यवर" तोंडातून निघून गेलं म्हणे. पोरं हसली. पोरांची टर उडवण्यात हयात गेली, आता पोरं त्यांची उडवत होती, आणि तेही काही फारसं डोकं न लावता.

तिकडे ठमीने आणि तिच्या मैत्रिणीने विद्यापीठाचा नाद सोडून प्रदूषणाचं बघणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे तक्रार करायचं ठरवलं होतं. वस्तीतल्या बायकाही बरोबर होत्या. दाजींना हे ताईकडून कळलं. एका दुपारी ते छापखान्यात आले. बराच वेळ कागदाचा गठ्ठा चाळत बसले आणि मग म्हणाले, "तो अर्ज मी लिहून देऊ का, विचारशील तिला?"

"तुम्हीच विचारा की."

"माझ्याशी बोलते कुठे ती."

मी विचारलं. "लिहू देत," ठमी म्हणाली.

दाजींनी चार दिवस घेतले. चांगली पाचसहा पानं भरली. ओढा, संस्कृती, पाणी आणि माणूस यांचं नातं, येणाऱ्या पिढ्या. ठमी छापखान्यात आली. मैत्रीणही होती. दाजी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले होते, परीक्षेला बसल्यासारखे. ठमीने सगळं उभ्या उभ्या वाचलं. मग माझं पेन घेतलं आणि काट मारायला सुरुवात केली. पान, आणखी एक पान, पुढचं पान. संस्कृती गेली, पिढ्या गेल्या. तिचा हात कुठे थांबेना. दाजी बघत राहिले. मला वाटलं, आता उठून जातील. उठले नाहीत.

शेवटी दोन वाक्यं उरली. पाइप कुठे आहे, कुठल्या इमारतींचं पाणी त्यातून येतं, आणि ते कुणाच्या घरात शिरतं. बस.

"हे बरं आहे," ठमी म्हणाली. मैत्रिणीने वाचून मान हलवली. त्या दोघी त्या दोन वाक्यांखाली वस्तीतल्या लोकांच्या सह्या घ्यायला निघून गेल्या. जाताना ठमी दारात थांबली. "बाबा, रविवारी येते जेवायला. आईला सांगा."

तपासणीला माणसं आली. एकदा नाही, पुन्हा पुन्हा आली, कारण पहिल्यांदा कुलसचिवांनी त्यांनाही चहा पाजून परत पाठवलं होतं. वस्तीतल्या बायका दुसऱ्या खेपेला पाइपाच्या तोंडाशीच जाऊन उभ्या राहिल्या आणि तपासणीला आलेल्यांना तिथेच उभं केलं, वाऱ्याच्या बाजूला. शेवटी विद्यापीठाला पाणी साफ करणारा प्रकल्प बांधावा लागला. उद्घाटनाला कुलगुरू छताकडे बघणार होते, पण तिथे छत नव्हतं, म्हणून आभाळाकडे बघून बोलले. आपण दिलेला शब्द पाळल्याचं त्यांनी सांगितलं. ते भाषण यंत्राने लिहिलेलं होतं.

प्रकल्पाची मोटर अधूनमधून बंद पडते. पडली की वसतिगृहातली पोरं ती चालू होईपर्यंत कार्यालयात ठाण मांडतात. ओढ्याला उन्हाळ्यात वास येतो, पण मला आता रुमाल लागत नाही. यंदाच्या पावसात मैत्रिणीच्या घरात पाणी शिरलं, पण तिची आई म्हणाली, नुसतं पाणी होतं, चिखल होता, बाकी काही नव्हतं. खराट्याने लोटून काढलं.

दाजी अजून पहिल्या वर्षाला शिकवतात. कसं शिकवतात ते पोरं एकमेकांना खाणाखुणांनी सांगतात, आणि त्यात कौतुक नसतं. लोकांना अजूनही नावं ठेवतात, पण जरा जपून, आधी आजूबाजूला बघून. परवा मला विचारत होते, "ती दोन वाक्यं होती ना अर्जातली, ती बरी होती, नाही?"

"बरी होती," मी म्हणालो.

"ठमीने ठेवली ती."

"हो."

"पहिल्याचं क्रियापद मी तीनदा बदललं होतं," ते म्हणाले, आणि वर्गाची वेळ झाली म्हणून फाटकाकडे निघाले.